‘पोहू नये’ लिहिलंत, आता कुठे पोहावं तेही लिहा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. पोहायला शिकले ती आजोळच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. समुद्रात पहिल्यांदा उतरले ती चाळिशी ओलांडल्यावर, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर. तिथे डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. त्या सकाळी पाण्यात तरंगते बोये लावलेले असतात, कडेने होड्या फिरत असतात, किनाऱ्यावर कोणीतरी दुर्बीण घेऊन उभं असतं आणि पाण्यात गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद कागदावर असते. शाळकरी पोरं आणि आजीच्या वयाच्या बायका एकाच पाण्यात पोहून हसत बाहेर येतात. स्पर्धा आटोपली की बोये निघतात आणि होड्या आपापल्या मासेमारीला जातात. समुद्र तोच राहतो, पण त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी उरत नाही.

हे पत्र त्या उरलेल्या दिवसांबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही तिघीजणी तुमच्यापैकीच एका गावच्या किनाऱ्यावर पोहायला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही गावात घडू शकलं असतं. वाळूच्या तोंडाशी गंजलेला फलक होता: ‘समुद्रात पोहण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ त्या फलकाच्या खांबाला लोकांनी चपला टेकवून ठेवल्या होत्या आणि पाण्यात पन्नास-साठ माणसं होती. डावीकडे लाटा जोरात फुटत होत्या, उजवीकडेही फुटत होत्या. मध्ये पंधरा-वीस पावलांचा एक पट्टा शांत दिसत होता. पाणी जरा गडद, वर फेस नाही. मला वाटलं, उतरायला हीच जागा बरी.

पोहताना दिशा चुकू नये म्हणून मी किनाऱ्यावरची एखादी खूण धरते. त्या दिवशी सुरूचं एक उंच झाड आणि त्याच्या मागचं कौलारू घर धरलं होतं. दहा-बारा हात मारून मान वर केली तर घर लहान झालेलं. वळून किनाऱ्याकडे जोर लावला. पाच मिनिटं जीव तोडून पोहले आणि पुन्हा पाहिलं, तर घर आणखी लहान. वर्षानुवर्षं पोहणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. कमरेला नारिंगी फ्लोट बांधलेला होता, त्याला धरून उताणी पडले आणि श्वास जागेवर येऊ दिला. मग किनाऱ्याकडे जायचा नाद सोडून आडवी, किनाऱ्याला समांतर पोहत डावीकडच्या पांढऱ्या फेसापर्यंत गेले. तिथे लाटांनीच मला किनाऱ्याकडे लोटत आणलं.

वर आले तेव्हा एक म्हातारे काका होडीच्या सावलीत जाळं सांधत बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. माझ्या मैत्रिणींना होडी काढायला सांगून ते उठलेही होते. मला म्हणाले, “बाय, जंय लाट फुटत नाय, थंयसूनच पाणी भायर जाता. गावातल्या पोराटोरांका म्हायत आसा ह्यां.”

गावातल्या पोराटोरांना माहीत आहे. फलकाला मात्र माहीत नाही. हे पत्र लिहायचं कारण एवढंच.

काकांनी एका वाक्यात सांगितलं त्याला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. लाटा पाणी किनाऱ्यावर लोटत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बुडीत बांधाला जिथे खिंड असेल तिथून एकवटून बाहेर पडतं. खिंडीत पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून वरून ती जागा सगळ्यांत शांत दिसते. जोर असेल तेव्हा हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने वाहू शकतो. इतक्या वेगाने ऑलिंपिकमधला पोहणाराही फार काळ पोहू शकत नाही. पण हा प्रवाह माणसाला तळाशी ओढत नाही, तो बाहेर नेतो आणि लाटांच्या पलीकडे जाऊन विरतो. माणूस बुडतो तो उलट पोहून दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे. हात वर करून तरंगत राहणं, आडवं सरकणं आणि फेस दिसेल तिथून किनाऱ्याकडे येणं, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याची वाचण्याची आशा फार मोठी असते.

आता फलकाकडे पुन्हा पाहा. त्यावर यातलं एक अक्षर नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती, १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल होती, तिथे आठ जीव गेले. गणपतीपुळ्याला दर एक-दोन हंगामांत कोणाच्या तरी घरचं माणूस जातं. ही बहुतेक घाटावरची माणसं. तुम्ही आम्हाला ‘घाटावरचे’ म्हणता ते बरोबरच आहे. आम्हाला नदी कळते, विहीर कळते, समुद्र कळत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं म्हणजे आपण सुरक्षित, असं आम्हाला वाटतं. परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू सरकली की गुडघ्याचं पाणी एका पावलात छातीला येतं, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. ‘सक्त मनाई’ वाचून सहलीची बस मागे वळत नाही. चार तास प्रवास करून आलेली पोरं पाण्यात उतरणारच. मग ती बरोबर त्या शांत दिसणाऱ्या पट्ट्यात उतरतात, जशी मी उतरले.

मनाईचा आणखी एक दोष आहे आणि तो मला जास्त छळतो. एकदा सगळीकडे मनाई लिहिली की कुठेच सोय करायची गरज उरत नाही. दुर्घटना घडली की फलकाकडे बोट दाखवता येतं.

तुमच्या शेजारी गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या दरम्यान पोहा, नुसता लाल झेंडा असेल तिथे उतरू नका, एवढी साधी भाषा. तिथेही माणसं बुडतात, पण कुठे पोहावं हा प्रश्न विचारला तर वाळूवर उत्तर उभं असतं. तोच पर्यटक दुसऱ्या दिवशी तेरेखोलची खाडी ओलांडून वेंगुर्ल्याकडे येतो तेव्हा तो झेंडा शोधतो. आपल्याकडे लाल झेंडा नाही म्हणजे उतरायला हरकत नाही, असा त्याचा समज झाला तर त्याला दोष कसा द्यायचा?

माझी मागणी आभाळाएवढी नाही. प्रत्येक वर्दळीच्या किनाऱ्यावर शंभर मीटर द्या. दोन लाल-पिवळे झेंडे, त्यांच्यामध्ये शंभर मीटर पाणी, आणि त्या पाण्यावर हंगामात सकाळी सात ते संध्याकाळी सहा नजर. बाकी किनाऱ्यावर मनाई ठेवा, मी स्वतः लोकांना ती पाळायला सांगेन. पण शंभर मीटर ‘इथे या’ म्हणून द्या. ही जागा कायमची एकच नसेल. पावसाळ्यात वाळू हलते, बांध सरकतात, खिंडी बदलतात. म्हणून झेंडे रोवायचे कुठे, हे सिमेंटच्या खांबावर ठरत नाही. रोज सकाळी पाणी पाहून ठरतं. आणि ते ठरवू शकणारी माणसं तुमच्या गावातच आहेत.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारे किती जण तुमच्या वाडीत असतील, मोजून पाहा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हे गणित मी काकांकडून शिकले आणि तेव्हापासून कॅलेंडरकडे पाहायची माझी नजर बदलली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीला समुद्र त्या मानाने सबुरीने वागतो. नवशिक्याला पहिल्यांदा समुद्रात न्यायचं तर दिवस कोणता धरावा, हे यावरून ठरतं. पण पुण्याहून शनिवार-रविवार गाठून येणाऱ्याला तिथी कुठली ठाऊक असणार? त्याच्यासाठी गावाच्या तोंडाशी एक साधा काळा फळा टांगा. खडूने रोज चार ओळी लिहायच्या: आज भरती पूर्ण कधी, सुकती म्हणजे ओहोटी कधी, वारा कुठून, आणि आज कुठे उतरू नये. शाळेतल्या मुलांना हे काम दिलं तर ती ते आनंदाने करतील.

वाऱ्याची ओळ मी मुद्दाम सांगते. सकाळी लवकर मतलई वारे असतात, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी आरशासारखं सपाट दिसतं आणि पर्यटक कायाक किंवा पॅडल बोर्ड घेऊन खुशीत निघतो. जाताना वारा पाठीशी, म्हणून हात दुखत नाहीत. परतताना तोच वारा तोंडावर. दुपारी खारे वारे सुरू झाले की निदान वारा किनाऱ्याकडे ढकलतो, पण लाटा उठतात. हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा गादीवर बसलेलं लहान मूल मतलई वाऱ्यात किती वेगाने खोल समुद्राकडे जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचा बाप पोहणारा होता म्हणून ते मूल परत आलं.

खाडीच्या मुखांचं वेगळं सांगायला हवं. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथली वाळूची बेटं आणि उथळ पाणी पाहून कोणालाही उतरावंसं वाटतं. पण सुकती लागली की खाडीत शिरलेलं सगळं पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर निघतं आणि मधल्या दोन-तीन तासांत त्याला नदीच्या पुरासारखी धाव असते. भरती संपताना जिथे कमरेएवढ्या संथ पाण्यात फोटो काढले, तिथेच दोन तासांनी पाय टिकत नाही. अशा जागी वेळ लिहिल्याशिवाय दिलेली कुठलीही सूचना अपुरीच आहे.

आणि निरभ्र आकाशावर विसंबू नये, हेही त्या फळ्यावर यायला हवं. दूर दक्षिणेकडच्या महासागरात वादळ झालं की त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. इथे वारा पडलेला, ऊन लखलखीत, आणि समुद्र मात्र अचानक उसळलेला. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. तो इशारा मच्छीमारांपर्यंत पोहोचतो. हॉटेलात नाश्ता करत असलेल्या पर्यटकापर्यंत तो पोहोचवायचा तर ते काम ग्रामपंचायतीलाच करावं लागेल. लाउडस्पीकर लावलेली एक रिक्षा पुरते.

आता जलक्रीडेविषयी. हा तुमच्या तरुणांचा धंदा आहे आणि तो चालायलाच हवा. मासळी कमी झाली तेव्हा अनेक घरांना या बोटींनी हात दिला. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जाऊन रीतसर शिकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. ती पर्यटकाला पाण्यात नेण्याआधी जॅकेटचा प्रत्येक बकल स्वतःच्या हाताने ओढून बघतात. पण त्यांच्याच शेजारी दुसरी बोट असते, जिच्या जॅकेटचा फोम दबून पापडासारखा झालेला असतो आणि बकल तुटलं म्हणून सुतळी बांधलेली असते. असं जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकून तोंडावर येतं. बनाना राइडच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या केळ्याच्या आकाराच्या फुग्यावरच्या फेरीच्या, शेवटी मजा म्हणून सगळ्यांना पाण्यात पाडतात. ज्याला पोहता येत नाही त्याला हे आधी विचारलं पाहिजे, आणि तो नको म्हणाला तर पाडता कामा नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, त्यानंतर काही दिवस सगळीकडे तपासण्या झाल्या. तपासणी रोजची हवी. सकाळी पहिली फेरी निघण्याआधी पंचायतीच्या माणसाने जॅकेटं हातात घेऊन बघावीत, एवढंच.

आणि पोहणाऱ्यांचं पाणी आणि इंजिनाचं पाणी वेगळं करा. गेल्या वर्षी एका किनाऱ्यावर जेट स्की माझ्यापासून दोन हातांवरून गेली. चालवणारा पर्यटक होता, त्याला मी दिसलेच नाही. लाटांमध्ये माणसाचं फक्त डोकं दिसतं, तेही निळ्या टोपीत असेल तर दिसत नाही. त्या दिवसापासून माझी टोपी भडक गुलाबी आहे. पण टोपीने इंजिन थांबत नाही. चार बोये आणि एक दोर टाकून बोटींना ये-जा करायची गल्ली आखली की पुष्कळ काम होतं. जेट स्की चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेलीच असावी, हा नियमही तिथेच लिहा.

जीवरक्षकांबद्दल लिहिताना हात जड होतो. त्यांना नेमण्याचं ओझं बऱ्याच ठिकाणी तुमच्यावरच येतं आणि तुमचा निधी किती, ते मी जाणते. पण मी ज्यांना भेटले त्यांच्यातल्या एकाकडे फक्त शिट्टी होती. किलोमीटरभर किनारा, एक माणूस, एक शिट्टी. बसायला उंच खुर्ची नाही, म्हणून लाटांच्या पलीकडचं दिसत नाही. तरंगणारी नळी नाही, म्हणून बुडणाऱ्याला मिठी मारूनच वाचवायचं. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. एकाच्या मागे दोघे-तिघे जातात ते असेच. उंच खुर्ची गावचा सुतार करेल. दर शंभर पावलांवर खांबाला एक तरंगती रिंग आणि तीस मीटर दोर टांगा. रिंग परवडत नसेल तर झाकण घट्ट लावलेला पाण्याचा वीस लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधा, तोही माणूस तरंगवतो. त्याच खांबावर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि ११२ व १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. आणि त्या शिट्टीवाल्या जीवरक्षक पोराला बारा महिन्यांचा पगार द्या, निदान आठ महिन्यांचा तरी.

एक विनंती फार कळकळीची आहे. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटं धरणं, खांद्यावर टाकून पळणं, पालथं घालून पोट दाबणं हे अजून सर्रास चालतं. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. बुडणाऱ्याला हवी असते हवा. तो श्वास घेत नसेल तर त्याला सपाट उताणा निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत न थांबता. प्रत्येक किनाऱ्यावरच्या टपरीवाल्याला, घोडागाडीवाल्याला, नारळपाणी विकणाऱ्या मावशीला हे करता यायला हवं, कारण पहिली चार मिनिटं तिथे तेच असतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी अर्धा दिवस दिला तर अख्खी वाडी शिकेल.

२०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर आणि लाडघर या किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. त्याच्या निकषांत स्वच्छतेबरोबर सुरक्षाही आहे. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. ज्या किनाऱ्याला मानांकन नाही तिथे आलेल्या लेकराचा जीव काही स्वस्त नसतो.

आम्ही पोहणारेही आमच्याकडून काही देणं लागतो. एकटं उतरणार नाही, दारू पिऊन पाण्याजवळ जाणाऱ्याला अडवू, फ्लोट आणि भडक टोपी घातल्याशिवाय झेंड्यांबाहेर जाणार नाही, जीवरक्षकाकडे नाव नोंदवून उतरू आणि बाहेर आल्यावर सांगू. पंचायतीने माणशी शुल्क लावलं तर ते आनंदाने भरू. पावसाळा सरला की, ऑक्टोबरात, आमच्या गटातले वीस-पंचवीस जण दोन दिवस कोणत्याही गावी स्वखर्चाने येतील. बोये बांधायला, फळा रंगवायला, मुलांना तरंगायला शिकवायला. जे गाव पहिलं बोलावेल तिथे पहिले जाऊ.

जाळं सांधणाऱ्या काकांना मी मागच्या महिन्यात पुन्हा भेटले. पंचायतीची माणसं आली तर पाणी कुठून बाहेर जातं ते त्यांना दाखवाल का, असं विचारलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, “सुकतीक येवा म्हणा. दाखवतंय.”

कळावे,
आपली,
दर डिसेंबरात मालवणला पोहायला येणारी कोल्हापूरची एक बाई